दुसरं म्यान

प्लासिडच्या वाडीतल्या केळी कुणीतरी कापल्या. चोरायला म्हणून नव्हे. केळ्यांचे लोंगर तसेच चिखलात आडवे पडले होते, कोवळे, बोटाएवढ्या फण्यांचे. एकेक केळ कमरेइतक्या उंचीवर तिरकी छाटलेली होती आणि उरलेल्या बुंध्यांतून अजून पाणी झिरपत होतं.

निर्मळमध्ये त्या उन्हाळ्यात पाण्यावरून आधीच धुमसत होतं. माणिकपूरला स्टेशनच्या बाजूला नव्या इमारती उठत होत्या, आणि गॅब्रिएल आपल्या बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं पाणी टँकरवाल्यांना देत होता. दिवसभर पंप चालायचा. शेजारीच प्लासिडची वाडी. त्याच्या विहिरीला आधी गढूळ पाणी आलं, मग मचूळ. दोघं सख्खे चुलतभाऊ, देवळात एकाच बाकावर बसणारे. प्लासिडनं एक दिवस रस्त्यात बैलगाडी आडवी घालून टँकर अडवला आणि पुढे आलेल्या गॅब्रिएलच्या पोराच्या, कॉन्रॅडच्या, चारचौघांत थोबाडीत मारली. त्यानंतर आठवडा गेला नाही तोच केळी पडल्या.

पडलेल्या केळींत प्लासिडच्या बायकोला, एमिलीला, एक म्यान सापडलं. कोयत्याचं, चामड्याचं, कमरपट्ट्यात अडकवायला मागे रुंद पट्टी असलेलं. प्लासिड ते घेऊन सरळ शत्रुघ्नच्या दारात आला.

शत्रुघ्नचं घर म्हणजे गॅब्रिएलच्या वाडीच्या टोकाला, कुंपणाला चिकटून उभं असलेलं कुडाचं खोपटं. आजोबांना गॅब्रिएलच्या आजोबांनी तिथे बसवलं होतं, मोटेचं चामडं शिवायला. मोटा गेल्या, पंप आले. आता शत्रुघ्न पंपाचे वायसर कापायचा, चपला सांधायचा आणि कोयत्यांची म्यानं करायचा. वाडीवाले, माडावर चढणारे, सगळे त्याच्याकडूनच म्यान घ्यायचे. नुसता कोयता कमरेला लावून माडावर चढणाऱ्याची मांडी कधी फाटेल याचा नेम नसतो.

प्लासिड अंगणातच उभा राहिला. म्यान त्यानं शत्रुघ्नच्या पायाशी टाकलं.

"तुझंच ना?"

शत्रुघ्ननं ते डाव्या हातानं उचललं, उलटंपालटं केलं. "हात माझाच हाय."

"कोणाला दिलंस?"

"म्यानं शंभर जातात भाऊ. ध्यानात नाय राहत."

"पट्ट्यात अडकवायचं म्यान शंभर जण नेतात? आमच्याकडे सगळे करदोट्याला बांधतात."

प्लासिडचे डोळे लाल झाले होते. त्याच्या गुडघ्यापर्यंत केळीच्या चिकाचे काळे डाग पडले होते. सकाळपासून तो पडलेली झाडं ओढत होता.

"गॅब्रिएलच्या घरी तू तीन दिलीस, होळीच्या टायमाला. त्याला, पोराला आणि त्यांच्या पंपावरच्या रामूला. मला माहीत नाही असं वाटलं? रविवारी देवळातली मिस्सा झाली की माझ्या खळ्यात सगळे जमणार आहेत. गॅब्रिएलला निरोप गेलाय, तिन्ही म्यानं घेऊन ये म्हणून. तू पण यायचं. आणि चांभारा, तिथे ध्यानात नाही म्हणालास तर बघ."

त्यानं म्यान शत्रुघ्नच्या हातातून हिसकावून घेतलं आणि गेला.

शत्रुघ्नची बायको बायजा आत, दाराच्या मागे, मेण लावलेला दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून बसली होती. तिनं म्यान तेवढ्यातच ओळखलं होतं. तीन म्यानांची शिवण एकसारखी होती, पण कॉन्रॅडच्या कोयत्याचं टोक जरा जास्तच वळलेलं होतं, आणि तिथे कातडं ओढून घेताना तिला एक टाका दुसऱ्यावर चढवावा लागला होता. चढलेला टाका तिला दारातून दिसला.

शिवण तिचीच होती. शत्रुघ्नच्या उजव्या अंगठ्यात आरी घुसून तो पिकला, बरा झाला, पण वळेना. आरीला जोर लागतो तो अंगठ्याचा. तेव्हापासून तो कातडं कापायचा, गिऱ्हाईकाशी बोलायचा, आणि बायजा आत बसून शिवायची. गावात कुणाला ठाऊक नव्हतं. शत्रुघ्नला ते ठाऊक करून द्यायचं नव्हतं.

"कॉन्रॅडचं हाय," ती म्हणाली.

"तुला कोनी विचारलं?"

"पन हाय त्याचंच."

"गप बस. जमीन कोनाची, पानी कोनाचं पितेस, ते बघ आनि मग बोल."

दुसऱ्या दिवशी दुपारी, उन्हानं माणसं आत गेलेली असताना, गॅब्रिएल आला. बरोबर कॉन्रॅड होता. कॉन्रॅड गोरेगावला कंपनीत कामाला होता. बाटलीच्या तळाएवढं बक्कल असलेला पट्टा लावायचा. त्याच्या हातात पोत्यात गुंडाळलेला कोयता होता.

गॅब्रिएलनं आवाज चढवला नाही. तो ओट्यावर बसला, टोपी काढून वारा घेतला.

"शत्र्या, पोराचं म्यान हरवलं. तसंच एक करून दे."

"करतो शेट. चामडं भिजवावं लागल. सुकायला तीन दिवस सावलीत ठेवलं तर..."

"उद्यापर्यंत पाहिजे. आणि नवं दिसायला नको."

शत्रुघ्ननं मान वर केली. गॅब्रिएल त्याच्याकडे बघत नव्हता, घराच्या कुडाकडे, वरच्या झावळ्यांकडे बघत होता.

"पावसाच्या आधी झावळ्या बदलाव्या लागतील तुला," तो म्हणाला. "माझ्या माडांच्या ने. घर राहिलं तर."

"शेट, रविवारी मला विचारलं तर?"

"विचारलं तर हेच ते, होळीचं, असं सांगायचं. आणखी काय सांगणार?" मग तो उठला. "कॉन्रॅड इथेच बसेल. झाल्याशिवाय उठणार नाही."

कॉन्रॅड उंबऱ्यावर बसला. आत येणारा थोडासा वाराही त्यानं अडवला. शत्रुघ्ननं डेऱ्यातलं पाणी परातीत ओतून कातड्याचा तुकडा भिजत घातला. प्यायला ठेवलेलं पाणी होतं ते. बायजा कोपऱ्यात उभी होती.

"हे कोण करतं नक्की?" थोड्या वेळानं कॉन्रॅडनं विचारलं, कारण शत्रुघ्ननं कातडं कोयत्याभोवती गुंडाळून, रापीनं कापून तिच्याकडे सरकवलं होतं. "तू की ती?"

शत्रुघ्ननं रापी फडक्यावर पुसली. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळला.

"काय रे, बायको शिवते तुझी?" कॉन्रॅड हसला. "फालतू. आणि गावभर शत्र्याची शिवण, शत्र्याची शिवण."

बायजा खाली बसली. ओलं कातडं कोयत्यावर बसवून तिनं लाकडी मोगरीनं कडेकडेनं ठोकायला सुरुवात केली, म्हणजे पात्याचा आकार त्यात उतरतो. हे झाल्यावर ते सावलीत ठेवायचं असतं. तिला चूल पेटवावी लागली. धूर घरात भरला. कातडं निखाऱ्यांवर धरल्यावर आक्रसू लागलं, आणि त्याला मेलेल्या जनावराचा वास येऊ लागला. कॉन्रॅडनं नाकाला रुमाल लावला, पण उठला नाही.

"असं सुकवलं तर तडकल ते," ती म्हणाली.

"तडकू दे. जुनं वाटेल."

मग ती आरी घेऊन बसली. भोक, सुई इकडून, सुई तिकडून, दोरा ओढ. दोऱ्यानं तिच्या करंगळीखाली जुनी चीर पुन्हा उघडली आणि मेणात रक्त मिसळलं. टोकापाशी आल्यावर ती थांबली. पुन्हा एक टाका दुसऱ्यावर चढवावा लागणार होता. तिनं चढवला.

शिवून झाल्यावर कॉन्रॅडनं वाडीतून केळीचा बुंधा आणायला लावला. चीक पिळून म्यानावर चोळला. तो लागल्या लागल्या पिंगट, मग काळा होत गेला. वरून चुलीची काजळी आणि खोबरेल. मग ते जमिनीवर टाकून कॉन्रॅडनं बुटानं तुडवलं. उचललं तेव्हा ते खरंच वर्षभर कमरेला हिंडल्यासारखं दिसत होतं.

बाहेरून. आतून कातडं कोरं होतं. केळी कापणाऱ्या कोयत्याचं म्यान आतून डांबरासारखं काळं असतं, चिकानं. बायजानं तोंडाशी बोट घालून पाहिलं होतं. कॉन्रॅडनं पाहिलं नाही, आणि ती बोलली नाही.

"तुझी शिवण चांगली आहे," जाताना कॉन्रॅड तिला म्हणाला. "पण ओठ पण तसेच शिवून ठेव."

तो गेल्यावर शत्रुघ्ननं परातीतलं घाण पाणी बाहेर फेकलं आणि रिकामी परात भिंतीवर आपटली.

"त्याच्यासमोर शिवायला कशाला बसलीस? दाराआड बसायचं होतं."

"उंबऱ्यात बसला होता तो. कुठल्या दाराआड बसू?"



रविवारी मिस्सा सुटल्यावर प्लासिडच्या खळ्यात माणसं जमली. पांढऱ्या कपड्यांतले पुरुष बाकांवर, बाया पडवीत, आणि शत्रुघ्न-बायजा आंब्याच्या बुंध्यापाशी जमिनीवर. रामू त्यांच्या जवळच उकिडवा बसला होता. त्याची बायको कमळी त्याच्यामागे उभी होती. रामू गॅब्रिएलच्या पंपावर असायचा. पंप चालू करायचा, टँकरला नळी लावायची. त्याला आज कशाला बोलावलंय हे त्याला नीट कळलेलं नव्हतं.

प्लासिडनं सापडलेलं म्यान बाकावर ठेवलं. गॅब्रिएलनं आपला कोयता म्यानासकट शेजारी ठेवला. मग कॉन्रॅडनं आपला ठेवला.

"झालं?" गॅब्रिएल म्हणाला. "बाप-लेकाची म्यानं समोर आहेत. आता माझ्या घराकडे बोट दाखवायचं बंद कर, प्लासिड."

प्लासिडनं कॉन्रॅडचं म्यान उचललं. "शत्र्या. हे होळीचंच?"

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. शत्रुघ्न उभा राहिला. त्याचा वळत नसलेला अंगठा मुठीबाहेर ताठ राहिला होता.

"होळीचंच."

"मग तिसरं कुठे आहे?" प्लासिड रामूकडे वळला.

"माजं बावखलात पडलं," रामू म्हणाला. "गाळ काढत होतो तवा."

"केव्हा?"

"झाले पुष्कळ दिस."

"बरं पडलं. नेमकं तुझंच पडलं."

"मी कशाला कापू भाऊ? मला काय केळीशी..."

"कशाला ते तुझा शेट सांगेल."

गॅब्रिएल शांतपणे म्हणाला, "मी त्याला काही सांगितलेलं नाही. दारू पितो तो. काय करतो त्याचं त्यालाच ठाऊक."

रामूनं गॅब्रिएलकडे बघितलं. प्लासिडचे दोन पुतणे तोवर बाकावरून उठले होते. एकानं रामूचा सदरा धरून त्याला खळ्याच्या मधोमध आणला. दुसऱ्याच्या हातात केळीला टेकू द्यायचा बांबू होता. पहिला तडाखा पाठीवर बसला. रामू ओरडला नाही, फक्त हात डोक्यावर घेतला. पुढचा तडाखा त्या हातावर बसला, आणि ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला.

कमळी धावली. पुतण्यानं तिला ढकललं, ती खळ्यातल्या दगडावर गुडघ्यांवर पडली. पडवीतून एमिली ओरडली, "बस करा! मरेल तो!" आणि बायजा उभी राहिली. शत्रुघ्ननं तिच्या लुगड्याचा पदर धरला. तिनं तो त्याच्या हातातून ओढून घेतला.

"रामूचं नव्हे ते," ती म्हणाली. "कॉन्रॅडशेटचं हाय. बाकावरचं परवा केलंय. आमच्या घरात. ते उंबऱ्यावर बसून होते."

वर गेलेला बांबू थांबला. गॅब्रिएल उठला.

"तुझा नवरा होळीचं म्हणतो. तुला काय कळतं त्यातलं?"

"त्यांनी नाय शिवलं. होळीचं पन त्यांनी नाय शिवलं. दोन पावसाळे झाले, आरी मीच धरते. त्यांचा अंगठा चालत नाय."

कुणीतरी मागे फिसकन हसलं. शत्रुघ्न जमिनीकडे बघत राहिला.

"म्यान उलटं करून आत बघा," बायजा म्हणाली. "बाहेर एवढा चीक, तर आत का नाय? बाहेरून लावलाय तो. ओल्या बोटानं चोळा, काजळी निघल."

प्लासिडनं अंगठा जिभेला लावला आणि म्यानावर घासला. अंगठा काळा झाला. मग त्यानं रापी मागितली. शत्रुघ्नकडे नव्हती, म्हणून कॉन्रॅडचाच कोयता उचलून त्यानं म्यानाची शिवण खालपासून वरपर्यंत उसवली. कातडं दोन्हीकडे उघडलं. आत ते कोवळ्या सालीसारखं फिकं होतं.

कॉन्रॅड एकदम म्हणाला, "मला थोबाडीत मारली तेव्हा कुठे होते सगळे?" आणि गॅब्रिएलनं त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं.

एमिलीनं पडवीतून दोन फळकुटं आणि जुनं धोतर आणलं आणि रामूचा हात बांधायला घेतला. पुतणे एव्हाना विहिरीकडे निघून गेले होते. प्लासिडनं बायजाकडे बघितलं. तो काही बरं बोलेल असं तिला क्षणभर वाटलं.

"परवा त्याच्यासाठी खोटं केलंस," तो म्हणाला. "उद्या कोणासाठी करशील? माझ्या वाडीचं काम तुमच्याकडे येणार नाही यापुढे. जा आता. आम्हाला बोलायचंय."

त्यांचं बोलणं संध्याकाळी मिटलं. भावकीचं भावकीत. गॅब्रिएलनं पाऊस पडेपर्यंत टँकर बंद ठेवायचे आणि पावसात केळीचे मुनवे, म्हणजे नवी रोपं, लावून द्यायचे. प्लासिडनं पोलिसांत जायचं नाही. एमिलीनं चहा केला. पुढच्या रविवारी दोघं त्याच बाकावर बसले, मध्ये जरा जागा सोडून. रामूचं त्या बोलण्यात काही निघालं नाही.

शत्रुघ्नकडे गॅब्रिएल स्वतः आला नाही. त्याचा गडी आला, आणि वाडी साफ करायची आहे एवढंच म्हणाला.

"हेच व्हायचं होतं," शत्रुघ्न म्हणाला. तो ओट्यावर बसून होता. "घर गेलं. ते गेलं तर गेलं. तू माझी अब्रू कशाला घालवलीस? शिवण कोनाची हे सांगायची काय गरज होती?"

"त्याशिवाय कोनी ऐकलं असतं?"

"नसतं ऐकलं. नसतं ऐकलं तर काय झालं असतं?"

"रामू मेला असता."

"रामू माझा कोन?"

बायजानं त्याच्याकडे बघितलं. मग ती आत जाऊन आऱ्या, सुया, मेणाचा गोळा एका फडक्यात बांधू लागली. तिच्या मनात आलं होतं ते ती बोलली नाही: बांबूचा पहिला तडाखा बसला तेव्हा आपणही हेच म्हणत होतो, रामू आपला कोण.

आगाशीला शत्रुघ्नचा मावसभाऊ बाजाराच्या कडेला बसायचा. त्याच्या शेजारी जागा मिळेल असा निरोप आला. सकाळीच त्यांनी घर उतरवायला घेतलं. झावळ्या खाली आल्या, त्यांतून विंचवाची पिलं पळाली. वासे उपसले. घर होतं तिथे आता ऊन सरळ जमिनीवर पडलं आणि इतक्या वर्षांची चूल, शेणानं सारवलेली भुई, चामड्याच्या पाण्याचे डाग, सगळं उघडं दिसायला लागलं. जाणारे-येणारे सायकली हळू करून बघत होते. कुणी थांबलं नाही.

उन्हं वर आली तेव्हा कमळी आली. एकटीच. गुडघ्यांवरच्या जखमा वाळल्या होत्या, ती पाय ताठ टाकत चालत होती. ती पूर्वीच्या अंगणाच्या जागी येऊन उभी राहिली.

बायजानं हातातली दोरी खाली ठेवली. "रामू कसा हाय?"

"हाड तिरकं बसलं. दवाखान्यात म्हनाले, नळी उचलायचा नाय आता तो हात."

बायजानं तिच्या गुडघ्यांकडे बघितलं.

"तुला पयल्यापासून ठाव होतं," कमळी म्हणाली. "तिथं बसली होतीस त्याच्या शेजारी. त्याच्या शेजारीच बसली होतीस. हाड मोडायच्या आधी तोंड नव्हतं तुला?"

"होतं," बायजा म्हणाली.

बहुतेक कमळीला आणखी काही ऐकायचं होतं, भांडण तरी. ते मिळालं नाही.

"त्याच्या गळ्यात फडकं बांधलंय हाताला," ती शेवटी म्हणाली. "त्याचा पीळ पडतो, मान सोलून निघाली. चामड्याची झोळी करून पायजे. रुंद पट्ट्याची."

ती मागत नव्हती. सांगत होती.

बायजानं गाठोडं सोडलं. सगळं बांधून झालेलं होतं. आरी अगदी तळाशी गेली होती, म्हणून सगळंच बाहेर काढावं लागलं. मऊ कातड्याचा एक मोठा तुकडा होता, आगाशीला पहिलं काम त्यातून करायचं ठरलं होतं. तिनं तो उलगडला.

"माप?"

कमळीनं स्वतःचा हात पुढे केला. "माझ्यापेक्षा चार बोटं लांब धर."

शत्रुघ्न गाडीत वासे भरत होता. तो थांबला. मग आला, रापी घेतली आणि कातडं पायाखाली दाबून कापलं. पट्टा रुंद कापला, कडा तासून घेतल्या. मग तो बायजासमोर उकिडवा बसला आणि डाव्या हातानं कातडं ताणून धरलं, म्हणजे तिला भोक पाडताना घसरू नये. रस्त्यावरून माणसं जात होती. आडोसा कसलाच नव्हता.

बायजा शिवत होती. कमळी तिच्या डोक्यावर सावली पडेल अशी उभी होती, पण ते सावलीसाठी नव्हतं. ती प्रत्येक टाका बघत होती. मानेवर येईल तिथे बायजानं शिवण आत वळवली, दोरा घासू नये म्हणून, आणि वर खोबरेल चोळलं.

झोळी हातात आल्यावर कमळीनं पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला. पुन्हा एकदा, जोर लावून. मग ती घडी करून काखेत मारली आणि ज्या वाटेनं आली त्याच वाटेनं गेली. मागे वळून बघितलं नाही.

बायजा तशीच बसून राहिली. शत्रुघ्ननं सुया वेचल्या, आरी फडक्यात ठेवली आणि गाठोडं बांधायला एका हातानं जमेना तेव्हा म्हणाला, "गाठ मार. ऊन चढलं."